जोडलेल्या चार ओळी

कॅन्सस, ९ मार्च

प्रिय अगाथा,

आशीर्वाद. इकडे ठीक. गव्हाने मान वर काढली आहे, गायनवृंदाला यंदाही खर्जातली मुलं मिळालेली नाहीत, आणि पायरी दिसली की माझे गुडघे कुरकुरतात. एवढंच सांगायला सहा वर्षांनी पत्र लिहितोय, असं तुला वाटणार नाही. तू भोळी कधीच नव्हतीस.

कवितेचा तास प्रार्थनेने सुरू करायचा आणि मुलांनीच रचलेलं स्तोत्र चार सुरांत गाऊन संपवायचा, ही माझी पद्धत. तिचा मला भारी अभिमान. तुझा भाऊ धान्याच्या कोठीत गुदमरून गेला, त्याच महिन्यात तू तुझं स्तोत्र लिहिलंस. शेवटी नुसता प्रश्न: 'प्रभू, त्या दुपारी तू कुठे होतास?'

मी म्हणालो, "पोरी, विलापगीताने शेवटी देवाच्या स्तुतीकडे वळायला हवं. वर्गाला हे असं अर्धवट कसं गायला लावू?"

"मग नका गाऊ, सर," तू म्हणालीस.

मी गायला लावलं. आभाराच्या चार ओळी स्वतः जोडून. सगळे रडत गात होते आणि तू ओठ मिटून उभी होतीस. पुढे चर्चच्या मासिकात ते तुझ्या नावाने छापून आलं, तेव्हाही मी गप्प बसलो. लोक म्हणत, "काय श्रद्धा पोरीची!" खरं सांगतो, मला ते गोड लागत होतं. तू कॉलेज सोडलंस. तुझी आई त्या ओळींच्या आधारावर जगतेय असं तू धरून चाललीस आणि तिच्यापुढे तो खोटेपणा तुला झेपत नाही, म्हणून तू घरी येत नाहीस, हे तुझ्या मावशीकडून कळलं.

आई अंथरुणाला खिळली आहे. ईस्टरपर्यंतची खात्री डॉक्टर देत नाहीत. दफनाला कुठली गीतं गायची ते ठरवायला तिने काल मला बोलावलं, आणि पहिलं तुझंच काढलं. तेव्हा मात्र मी सगळं कबूल केलं.

ती म्हणाली, "मास्तर, मला वाटायचं, माझ्या पोरीने देवाला इतक्या लवकर माफ केलं आणि मला मेलीला अजून जमत नाही. तिला फोन करायचीसुद्धा लाज वाटायची हो!"

मग तिने ते मासिक माझ्यापुढे सरकवलं.

"वाचा. तिचं आहे तेवढंच."

मी वाचलं आणि तुझ्या प्रश्नाशी थांबलो. आई म्हणाली, "आमेन."

अगाथा, ये. मला क्षमा करणं राहू दे, आईकडे ये.

तुम्हा दोघींना सहा वर्षं एकटं पाडणारा,
कॉर्नेलियस टेव्स