त्याच्या वाटणीचं

३ मे, शनिवार

नको नको म्हटलं तरी धबधबा बघायला नेलंच! ह्यांचं एकच — दोन चर्चच्या मध्ये एक तरी ठिकाण थोरलीला दाखवायचं, तिचं मन रमेल. पोर कठड्याला टेकून उभी. निघताना एक ओला गोटा खिशात घातला. टाक म्हटलं तर ऐकेना.

महिनाभर हेच चालणार — गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन मिशनच्या कामाची माहिती द्यायची. शेवटच्या रविवारी मिशनच्या सचिवांना सांगायचं — परत कामाच्या गावी जायचं, की इथेच ऑफिसात बसायचं. माझं ठरलंय. ज्या गावात माझा धाकटा तापाने गेला, जिथे त्याची कबर आहे, तिथे मी पाऊल ठेवणार नाही.

४ मे

उपासनेनंतर ह्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. शाळा, विहीर, मग धाकटा. तिथे हे थांबतात, चष्मा पुसतात. दर चर्चमध्ये तेच वाक्य, तिथेच चष्मा! माझं लेकरू म्हणजे काय भाषणातला उतारा आहे? दिवसभर अबोला धरला.

८ मे

प्राणिसंग्रहालय. थोरलीने कसलंसं पीस उचललं. रखवालदार ओरडला तरी सोडेना. चारचौघांत लाज गेली, दिला एक धपाटा. मग माझ्याच जिवाला लागून राहिलं.

१० मे

मुक्काम एका म्हाताऱ्या बाईंकडे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून चर्चमध्ये वाटलेलं कार्ड — जुनं, चौघांच्या फोटोचं. टेबलावर आमच्यासाठी ताटंही चार! गेल्या वर्षी आम्ही सगळ्या चर्चना पत्राने कळवलं होतं, धाकट्याला ताप आहे, प्रार्थना करा. पुढचं पत्र बाईंना पोचलंच नव्हतं.

"धाकटा कुठंय? ताप उतरला ना गं त्याचा? रोज पहाटे मागते त्याच्यासाठी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. एरवी भरल्या चर्चपुढे घडाघडा बोलणारा माणूस — चौथ्या ताटाकडे बघत राहिला. घास तसाच हातात. शेवटी मीच सांगितलं. बाईंनी माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. चौथं ताट कोणीच उचललं नाही.

पडद्यापुढे उभं राहिल्याशिवाय ह्यांना त्याचं नावच घेता येत नसावं. आणि मी उगाच राग राग केला.

१२ मे

हे म्हणाले, "तू म्हणशील तसं. सचिवांना नाही म्हणून सांगतो." जीव भांड्यात पडला.

२३ मे

दीपगृह बघून आलो. बॅग आवरताना थोरलीचा एक मोजा जड लागला. उपडा केला — गोटा, पीस, आजचा शिंपला, आणखी काय काय. मी वैतागले. हा कचरा गावभर मिरवायचा का, म्हटलं.

"कचरा नाहीये," ती म्हणाली. "त्याच्या वाटणीचं आहे. त्याने काहीच बघितलं नाही ना. परत गेलो की त्याच्याजवळ ठेवायचंय."

परत जायचं नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही सांगवेना. सगळं एकेक करून मोज्यात भरून दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

२५ मे, रविवार

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सचिवांना सांगून टाकलं — आम्ही परत जातोय. ह्यांनी चष्मा काढून पुसला. समोर पडदा नव्हता. मोजा माझ्या पर्समध्ये आहे.