बाबांचा हात पोचला तिथवर

प्रिय ठमे,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. आता मध्येच तोडता येणार नाही, शेवटपर्यंत ऐकावंच लागेल. भिंतीवरचे दगड पडले, घर धोक्याचं झालं, तेव्हा आईने गाशा गुंडाळून आमच्याकडे यावं, असं तू आणि जावईबापूंनी ठरवलंत. ठरवत होतात तेव्हा मी समोरच शेंगा सोलत बसले होते. मला कुणी विचारलं नाही.

आधी दगडांचं ऐक. पडले ते पायरीजवळचे, सगळ्यात खालच्या रांगेतले चार-दोन. जावईबापू लगेच म्हणाले, साच्यात ओतलेला सिमेंटचा दगड, त्याला खऱ्याची सर कुठून येणार. दर्शनी भिंतीला ते लावले तेव्हापासून मी हेच ऐकते आहे. समोरच्या मास्तरांनी तर दोन वर्षांत सगळं गळून पडेल, असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस, आता तुझ्या केसांना कलप लागतो. दगड जिथल्या तिथे आहेत.

तुम्ही गेल्यावर मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी थापीच्या मुठीने दगड न् दगड ठोकून पाहिला. वरचे सगळे खणखणीत वाजले, खालच्या एक-दोन रांगांतले तेवढे बद्द. मग कारण सापडलं आणि मला हसू आवरेना. लावताना जमिनीपासून वीतभर जागा मोकळी सोडायची असते. पण तुझ्या बाबांना ती उघडी पट्टी बघवेना. कारागीर गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने खाली आणखी एक रांग चिकटवली. त्यात मी फुलझाडांना दर वर्षी नवी माती घालत गेले. ती दगडांना टेकली, ओल वर चढली आणि मागचा सिमेंटचा माल सुटला. इतकी वर्षं बिचारे दगडच आमची हौस सोसत होते.

दुसरी तुझी तक्रार रंगाची. भिंत खाली पांढुरकी, वर तपकिरी, अगदी कळकट दिसते म्हणालीस. ते कशाने झालं, तुलाही माहीत आहे. बाबांचा जन्म कारखान्यातले बॉयलर घासण्यात गेला, त्यामुळे जगात तारेच्या ब्रशवर त्यांचा जेवढा विश्वास तेवढा माझ्यावरही नव्हता. सुट्टी आली की बादली घेऊन भिंतीपुढे हजर. या दगडांचा रंग वरच्यावरच असतो, नुसत्या पाण्याने धुवा, असं मी घसा कोरडा करून सांगायचे. ऐकतील तर शपथ. स्टुलावर चढायची मात्र मी त्यांना बंदी घातली होती. म्हणून जिथवर त्यांचा हात पोचला, तिथवर रंग गेला आणि वरचा राहिला. ती रेघ रंगवून टाक म्हणतेस? मी टाकणार नाही. संध्याकाळी खुर्ची टाकून मी तिच्याकडे बघत बसते. मला त्यांची फार आठवण येते, ठमे.

खालची रांग आता पूर्ण काढून टाकली आणि माती उपसली. त्यावरच्या रांगेतले जे सैल होते ते मी लावले. हो, मीच. मिस्त्री माल कालवून देत होते. भाकरीला लोणी फासावं तसा दगडाच्या सगळ्या पाठीला माल फासायचा आणि मग दाबून धरायचा. पहिला सटकून माझ्या पायावर पडता पडता वाचला. त्यानंतरचे बसले. हात अजून भरून आलेत, पण झोप छान लागते.

काल जावईबापूंनी पाठवलेलं गिऱ्हाईक आलं होतं. तो माणूस दारातूनच खोल्या मोजायला लागला. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "घर विकायला काढलेलं नाही. ज्यांनी काढलंय म्हणून सांगितलं, त्यांचं हे घर नाही." जावईबापूंना राग आला असेल, तर येऊ दे.

टेम्पोवाला मिस्त्रींच्या ओळखीचा, त्यांच्याकडूनच कळलं की रविवारी तुम्ही माझं सामान न्यायला टेम्पो ठरवला आहे. मला न सांगता. एकटीला भीती वाटते का, असं तू सारखं विचारतेस. वाटते, कधीकधी खूप वाटते. पण तुमच्याकडे मला कुणी भाजीसुद्धा चिरू देणार नाही. तिथे मी जपून ठेवलेली वस्तू होईन, आणि त्याची मला जास्त भीती वाटते. तेव्हा टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळव. माझ्यासाठी रिकामी केलेली खोली नातवाला परत दे. आणि रविवारी तू ये. राहायला ये, मला न्यायला येऊ नकोस.

तुझीच,
हट्टाला पेटलेली आई