भिंगारचं इंजन

आबा,

भिंगारच्या त्या दुकानदाराचा काही दोष नव्हता. इंजन आपल्याच हातानं बिघडलं. एवढं साधं वाक्य तुम्ही असताना माझ्या तोंडून निघालं नाही, आणि आता तुम्ही ऐकायला नाही म्हटल्यावर मी कागद-पेन घेऊन बसलोय. त्याला धाडस म्हणायचं का दुसरं काही, ते तुम्हीच ठरवा.

धरणात पहिल्यांदा पाणी साठलं ते दिवस आठवा. घरं उठवून आपण अलीकडच्या माळावर आलो आणि न बुडलेली जमीन राहिली पाण्याच्या पलीकडं. रोजचं शेत होडीनं गाठायचं. वल्ही मारायचा आपल्या घराण्यात कुणाला सराव? होडी जागच्या जागी गरागरा फिरायची आणि काठावर धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. वारा सुटला तर पलीकडं गेलेला माणूस पलीकडंच अडकून पडायचा. मग चुलत्यांनी बातमी आणली की लष्करातून निघालेला जुना माल विकणारा एकजण भिंगारला आहे आणि त्याच्याकडं होडीच्या मागं लावायची इंजनंही आहेत. इंजन पारखायचं म्हटल्यावर सगळ्यांनी तुमच्याकडंच पाहिलं. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला तरी तुम्हाला बरोबर नेल्याशिवाय दावं सुटत नसे. मी नुकताच लग्न झालेला, उचलायला एक गडी म्हणून तुमच्या मागं एसटीत चढलो.

दुकानात तीन इंजनं लाकडी घोड्यांवर टांगलेली होती. एक हिरव्या रंगानं नुसतं चकाकत होतं. तुम्ही त्याच्यावरनं नख ओढलं आणि माझ्याकडं बघून हसलात, बाजारात शिंगं घासून आणलेला बैल बघितल्यावर हसायचात तसं. दुसऱ्याच्या स्क्रूंची डोकी झिजलेली, म्हणजे ते कितीदा तरी उघडलेलं. तिसऱ्याला पोचे आलेले, रंग उडालेला, पण दोरी हळू ओढली की आतून चांगला दाब लागत होता. तुम्ही त्याच्यावर हात ठेवलात. निवड अगदी बरोबर होती, आबा. तिथं तुम्ही चुकला नाहीत, हे मला नीट लिहून ठेवायचंय.

"चालवून दावा," तुम्ही म्हणालात.

दुकानदार वयस्क, हळू बोलणारा. म्हणाला, "दाखवतो की. पण संध्याकाळी नळाला पाणी येईल, पिंप भरू, मग त्यात चालवू. तोवर बसा."

"संध्याकाळी आमची गाडी जाईल. आन् पानी कशाला? आमच्या हिरीवरच्या इंजनाला डोक्यावर टाकी हाय, तिच्यात वततो आमी. ह्याला टाकीच न्हाई."

"हे थंड राहायला पाणी खालून ओढून घेतं. आत रबराचं चाक आहे. कोरडं चालवलं तर ते जळेल."

तुम्ही मला डोळा मारलात. "खोट झाकायची आसली की आसंच बोलत्यात," असं कानात सांगितलंत आणि स्वतःच दोरीला हिसका दिलात. इंजन पहिल्याच ओढीला सुरू झालं. बंद करायला तो पुढं धावला तर तुम्ही त्याचं मनगट धरलंत. "थांबा की वाईच. घेनार आमी हाय." आपला चहा पिऊन होईपर्यंत ते चालत राहिलं, आणि तुम्ही इंजनाजवळ कान नेऊन मान डोलवत होतात. नंतर तो बिचारा काकुळतीनं म्हणाला, "आज ठेवून जा. उघडून बघतो, चाक बदलायला लागलं तर बदलतो, उद्या न्या." तुम्ही म्हणालात, "उद्या आमाला दुसरंच बांधून द्याल!" मी ते उचलून खांद्यावर घेतलं.

पहिल्याच फेरीला मधोमध पाण्यात रंगाचा जळका वास आला आणि इंजन गप्प झालं. वल्ही आपण घरी ठेवून आलो होतो, आता इंजन होतं ना! होडीत बरोबर असलेल्या चुलतीनं घमेल्यानं पाणी मारत काठ गाठून दिला.

इंजन घेऊन चौघं मिळून आपण पुन्हा भिंगार गाठलं. तुमचा आवाज ऐकून बाजार गोळा झाला. दुकानदारानं इंजनाचा खालचा भाग सोडला, ते काळं चाक काढलं आणि तुमच्या तळहातावर ठेवलं. त्याच्या पाकळ्या जळून वितळल्या होत्या. तुम्ही ते माणसांना उंच करून दाखवलंत, "बगा, आत सडका माल भरलाय! चोर हाय ह्यो!" तेव्हा तो माझ्याकडं वळला. "त्या दिवशी तुम्ही होता. मी काय म्हणालो होतो, तेवढं सांगा. बाकी काही नको."

मला शब्दन्‌शब्द आठवत होता. चाकही दिसत होतं. तुमच्याकडं बघितलं, जमलेल्या माणसांकडं बघितलं आणि म्हणालो, "आबा म्हनत्यात तेच खरं."

त्यानं पैसे परत दिले. लाज वाटते आबा, अजून वाटते. बापाची मान चारचौघांत खाली जाऊ नये म्हणून गप्प बसलो, असं मी पुष्कळ वर्षं मनाला समजावलं. पण एसटीत बसल्यावर तर आपण दोघंच होतो शेजारी, तेव्हा कुठं सांगितलं? पुढं एकदा कामानं भिंगारला गेलो तर त्या दुकानात दुसराच माणूस बसला होता. पहिला कुठं गेला, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही.

घरात मात्र तो राहिला. नासकी भाजी असो की दोन दिवसांत तुटलेली चप्पल, आपल्याकडं तिला "भिंगारी माल" म्हणतात. सुना म्हणतात, नातवंडं म्हणतात. एका सरळ माणसाचं आपल्या घरात एवढंच नाव उरलंय.

हा कागद तुमच्यापर्यंत जायचा नाही, आणि पोरांना दाखवायची माझी छाती नाही. परवा नातवानं जुनी स्कूटर आणली, ती दारातच बंद पडली. "भिंगारीच निघाली," तो म्हणाला, आणि नुकत्याच घरात आलेल्या त्याच्या बायकोनं मला विचारलं की असं का म्हणतात. आता खरं सांगून टाकावं असं ठरवूनच मी घसा खाकरला. आणि तुम्ही सांगायचात तशीच गोष्ट सांगितली, मनगट धरल्याची नक्कल करून, तुमचा आवाज काढून. सगळी पोट धरधरून हसली. आबा, मलाही फार बरं वाटलं.