थकलेली पोटगी

३ मार्च

वकीलबाई जिन्यात भेटल्या. खालच्याच मजल्यावर राहतात. हातात दुधाची पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला, पण कायद्याचं विचारलं की एकदम ताठ! म्हणाल्या, "माणूस गेला म्हणून थकलेली पोटगी जात नाही. त्यानं मागे जे काही ठेवलं असेल, त्यावर मुलीचा हक्क." मी म्हटलं, आणि काहीच ठेवलं नसेल तर? "मग हात हलवत परत यायचं. त्याच्या भावाबहिणीच्या खिशातून नाही मागता येत."

त्याला जाऊन दोन महिने झाले. लेक लहान असतानाच आम्ही वेगळे झालो. कोर्टानं ठरवून दिलेली रक्कम त्यानं वर्षभर दिली, मग बंद. मी दोनदा मागितली, मग मीही बंद. जिवंत माणसाकडे मागायची लाज वाटली — आता मेलेल्याकडे मागू?

४ मार्च

लेकीला सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तिच्या कॉलेजच्या फीसाठी मी कर्जाची चौकशी करून ठेवली आहे. गुरांची डॉक्टर होणार आहे बाईसाहेब! घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते.

मला वाटलं, खांदे उडवेल. बाबाचा विषय निघाला की तेच करते. पण म्हणाली, "तू भरशीलच गं. तू सगळंच भरतेस. एकदा त्याला भरू दे."

मग भांडी घासायला निघून गेली. न सांगता! म्हणजे बोलणं मनापासूनचं होतं.

९ मार्च

वन्संना फोन केला. त्याची धाकटी बहीण. मागची निरवानिरव तीच करते आहे. दवाखान्यात नर्स आहे, तिन्ही पाळ्या करून वर हे.

"वन्सं" म्हणताना अडखळले. म्हणायचा हक्क आता आहे का आपल्याला? तिला कळलंच. "घटस्फोट तुमचा झाला वहिनी, माझा नाही!"

पोटगीचं कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "मी वाटच बघत होते. रविवारी या दोघी. काय ते ठरवून टाकू."

बरं वाटलं. मग वाटलं, बरं का वाटलं? पैसे मिळणार म्हणून, की ती चिडली नाही म्हणून? दुसरं, बहुतेक. पहिलंही थोडं.

१५ मार्च

आजचा सौदा कुणी ऐकला असता तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. घेणारी म्हणते कमी द्या, देणारी म्हणते जास्त घ्या!

मी सगळं आठवून गेले होते. त्यानं कधी जोडे आणले, कधी गरम कोट. एकदा सायकल. एकदा दाढेच्या डॉक्टरचे पैसे. हे वजा करायला नको? शाळेत रसायनशास्त्र शिकवते मी, तराजूचं पारडं हललेलं मला सहन होत नाही.

"सायकल?" वन्सं ओरडली. "सायकल वाढदिवसाची होती! भेट कोणी वजा करतं का?"

"बरं, दाढ तरी करा."

"दाढ किडली कुणामुळे? डबाभर चॉकलेटं कोण आणायचं? उलट दाढेचा दंड लावा दादाला!"

मी जोड्यांवर आले. वन्सं म्हणाली, ते तर चावत होते. मी म्हटलं, पण घातले ना. असं चाललेलं. इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून बसलेली लेक म्हणाली, "आई, सायकल माझी. दाढ माझी. पोटगीही माझीच. मग तू सूट कुणाच्या वतीनं देतेयस?"

"घ्या!" वन्सं टाळी वाजवत म्हणाली. "मास्तरीणबाईंची शिकवणी!"

हसले मीही. पण येताना बसमध्ये ते डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी समजत होते की मी न मागून मोठेपणा केला. कुणाच्या ताटातलं वाढून केला?

१६ मार्च

सायकल वजा केली नाही. दाढ केली. तेवढं राहवलं नाही.

२ एप्रिल

वन्संचा फोन. त्याच्या दुकानातली मशिनं विकायला काढली आहेत. एकगठ्ठा घेणारा मिळालाय. "जुनी आहेत, पण लोखंड अस्सल."

शिवणयंत्रं दुरुस्त करायचा तो. घरी यायचा तेव्हा बोटांना त्या पातळ तेलाचा वास असायचा. तो वास मला आवडायचा, हे आज बऱ्याच दिवसांनी आठवलं — आणि राग आला नाही. नुसतंच आठवलं. छान वाटलं.

२१ एप्रिल

पैसे लेकीच्या खात्यात आले. सगळे! तिनं फोनचा पडदा माझ्या नाकासमोर धरला, मला चष्म्याशिवाय काही दिसेना, तरी मी "हो, हो" म्हटलं.

संध्याकाळी दोघींनी खिडक्या पुसल्या. कारण काहीच नाही. घर एकदम उजळलं. अशी संध्याकाळ पुन्हा पुन्हा यावी.

११ मे

आज शाळेतून येताना मुद्दाम वाकडी वाट करून दुकानाकडे गेले. एकदा बघावं म्हणून. नवीन काही आलं असेल तिथे, असं वाटलं होतं.

मशिनं तशीच! भिंतीपर्यंत रचलेली, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. एक शिंपीण आपलं मशीन हातगाडीवर चढवत होती.

"तुमचं कुठलं?" तिनं विचारलं. "लवकर न्या, घरमालक कुलूप घालणार आहे. टाका सुटतो म्हणून मशीन दिलं ते मागच्या हिवाळ्यात! माणूस लाख होता हो, पण 'उद्या' म्हणाला की समजायचं, पुढचा हिवाळा."

मी विचारलं, ही सगळी विकली ना?

"विकतील कशी? सगळी गिऱ्हाइकांची. त्याचं स्वतःचं म्हणाल तर ते स्टूल आणि तेलाची बुधली."

तिच्या हातगाडीला हात लावला, चढावर ढकलून दिली. घरी कशी आले ते आठवत नाही.

१२ मे

वन्संकडे गेले. दार उघडताच म्हटलं, खोटं बोललात.

"बोलले. आत या, दारात भांडू नका."

पैसे तिचे. गळकी गच्ची नीट करायला साठवलेले. गळतं तिथे खाली एक बादली ठेवली आहे, तेवढ्यावर तिचं भागतं म्हणे!

"कायद्यानं तुमच्यावर काही जबाबदारी नाही," मी म्हटलं.

"कायद्यानं तुम्ही माझ्या वहिनीही नाही. तरी चहा पिताय ना?"

आणि ती सायकल? ती दाढ? "स्वतःच्या पदरचं द्यायचं तर हात सैल सोडावा लागतो, वहिनी. आखडला असता तर तुम्ही लगेच ओळखलं असतं."

मी म्हटलं, दर महिन्याला थोडे थोडे परत करीन.

ती कप विसळायला उठली. मग पाठमोरीच म्हणाली, "मग पुन्हा तुम्हीच भरलीत, असं होईल. पोरगी त्या रविवारी मलाही म्हणाली होती — एकदा त्याला भरू दे. दादाकडून तेवढं तरी होऊ दे की."

१४ मे

लेकीला सांगायला हवं. पैसे तिचे, तर खरं काय तेही तिचंच नाही का? सकाळी तोंड उघडलं, तेवढ्यात ती गायीच्या चार कप्प्यांच्या पोटाबद्दल सांगू लागली. उद्या.

२० मे

गच्चीचा खर्च वन्सं माझ्याकडून घेणार आहे. भांडून मान्य करवलं. गच्ची म्हणजे पोटगी नव्हे, असं दोघींचं ठरलं. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

२ जून

दुपारी तिचा कॉलेजातून फोन. मागे नुसता गोंगाट. "आई, फी भरली! खिडकीतल्या माणसानं विचारलं, कोण भरतंय? मी म्हटलं, बाबा." मग हळूच, "पहिल्यांदाच म्हटलं गं."

मी म्हटलं, "पावती जपून ठेव."