आंबिलीचं मडकं

माय, आज सकाळी मी पिलं डुकरिणीपासून तोडले. आठ आहेत. कोठ्याच्या मधात फळी लावली, एका बाजूले डुकरीण, एका बाजूले पिलं, आन् सकाळपासून दोन्हीकडून नुसता कल्ला चालू आहे. म्हणून तुले लिहून राहिली. चौथीतच शाळा सुटली माही, अक्षर कसंबी आहे, समजून घे. तुले जाऊन आठ वर्षं झाले.

तू पिलं तोडायची तवा कोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आंबिलीचं मडकं राहे. ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, थंड करायच्या, बाजूच्या काकूचं ताक टाकायचं, आन् झाकून ठेवायचं. आंबट वास सुटला की पिलाईले द्यायचं. मडकं तू कधीच पुरं रिकामं होऊ दिलं नाही. तळाशी ओंजळभर जुनं ठेवायची, त्याच्यावरच नवीन. धुणं तर नाहीच. आतून काळा थर बसला होता. मी नाक दाबलं की तू म्हणे, "नाक काऊन दाबते वं? मायचं दूध तुटलं की पिलाच्या पोटाले सोबत लागते. थे सोबत या मडक्यात राह्यते." कायची सोबत, थे तुले बी सांगता येत नव्हतं. पण पार रामाकोना गावच्या बाया विचारायले येत, तुह्या पिलाईले हगवण काऊन लागत नाही म्हणून.

शाळेत बाईनं शिकवलं, घाणीत जंतू असतात, जंतूनं रोग होते. घरचं एक भांडं चकाचक करा आन् उद्या वर्गात सांगा, म्हणाल्या. मी वर्गात कधी तोंड उघडत नव्हती. मले वाटलं, यावेळी तरी सांगता येईन. तू संत्र्याच्या तोडाईले गेली होती. मडकं नाल्यावर नेलं आन् आतून राखेनं घासलं, हात दुखेपर्यंत. आतून लालेलाल निघालं. थे पाहून मले पहिले आनंद झाला, मग भेव वाटलं. तू येण्याच्या आत कण्या शिजवल्या, काकूचं ताक टाकलं, झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाईनं विचारलं तवा मी हात वर केलाच नाही.

त्याच दिवशी सांजेले तू पिलं तोडले. मडक्यात डोकावून म्हणाली, "आज आंबलं काऊन नाही?" पिलं भुकेनं ओरडत होते, तू तसंच दिलं. तिसऱ्या दिवशी हगवण लागली. तू डाळिंबाचं साल उगाळलं, गोणपाट टाकले, पिलाईले पदराखाली घेऊन बसली. पाच गेले. शेवटचं तुह्या मांडीवरच थंड झालं. तू रडली नाही, उठून सरळ काकूच्या दारात गेली. मी मागं उभी होती.

"पाण्यालेच ताक म्हणते का वं तू?"

काकू म्हणाली, "लेकराची आन, घुसळलं तसंच दिलं."

"मग माह्या मडक्यात आंबलं काऊन नाही?"

काकूनं माह्याकडं पाहिलं. उगाच पाहिलं असन, तिले काही माहीत नव्हतं. मी खाली पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही दोघी एका पाट्यावर वाटत होत्या, आन् त्या दिवसापासून तू तिचं नाव बी घेतलं नाही.

पुढच्या साली तू तापानं पडली. सौंसरच्या दवाखान्यातून घरी आणलं, तुह्या तोंडाले चव नव्हती. काकू लोटाभर ताक घेऊन आली, आत नाही आली, उंबऱ्यापाशीच उभी. तू भिंतीकडं तोंड केलं. "तिले म्हण, परत ने." थो लोटा मीच परत नेऊन दिला, माय. तवा सांगितलं असतं तर तू दोन घोट पिली असती. काकू घरात आली असती. चार दिवसानं तू गेली, तवा बी थे बाहेरच बसून रडली.

मागच्या साली ढोराचे डॉक्टर फटफटीवर आले होते. त्याईले मी कसंबसं विचारलं. थे म्हणे, सगळे जंतू वाईट नसते पोरी, आंबट ताकातले पोट सांभाळते, मायपासून तोडलेल्या पिलाले तेच पाहिजे. मी विचारलं, मडकं धुतलं तर? म्हणे, धुतलं तर नव्यानं आंबवा लागते, दम धरा लागते. त्या पाच पिलाईचं विचारलं, तर कायनं मेले थे आता कोण सांगन, म्हणे. तेवढ्यानं मले काही हलकं वाटलं नाही.

आता ताक काकूच देते. मडकं दहा दिवसापासून आंबवून ठेवलं आहे, धूत नाही. आज काकू लोटा घेऊन आली, पिलाईकडं पाहत बसली. म्हणे, "तुही माय माह्यावर रागावूनच गेली. माहं काय चुकलं थे अजून समजलं नाही. तुले माहीत आहे का वं?"

हा कागद तिच्यासाठीच लिहाचा होता. पण तिले वाचता येत नाही, मलेच वाचून दाखवा लागन. म्हणून तुह्या नावानं लिहिला.

मी तिले म्हटलं, "मले काय माहीत, काकू." आन् तिचा लोटा धुवून तिच्या हातात दिला.