खुर्चीची पाठ

१४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे दोन घास खातोय. तुझ्या दाजींचा खोकला कमी आहे. मी अजून बोर्डच रंगवते. नव्या दवाखान्यातले सगळे बाण माझे आहेत.

मावशीला तू विचारलंस म्हणे, "आईला मी आठवतो का? आठवत असेन तरच येतो." मी तिला म्हटलं, तू काही बोलू नकोस, मी लिहिते.

अर्धांगवायूने आईची वाचा गेली हे तुला कळलंच असेल. डोळे वटारणं मात्र शाबूत होतं. मी तिला चित्रांची कार्डं करून दिली: पाणी, उशी, दिवा, दुखतंय. ती तिने निमूट वापरली. तुझ्यासाठी चष्मेवाला मुलगा काढला, तर ते कार्ड पलंगाखाली. तुझा फोटो दिला, तोही पलंगाखाली. बाबांशी भांडून तू गेलास तेव्हापासून तिने तुझं नाव काढलं नव्हतं. मला वाटलं, राग अजून तसाच आहे.

तिला एकच नाद होता. चालत्या हाताने पलंगाजवळची खुर्ची ढकलत राहायची, खुर्चीची पाठ आपल्याकडे येईपर्यंत. मी संध्याकाळी सरळ करायची, सकाळी पुन्हा उलटी. मी म्हणायची, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा."

मग एकदा दाजी मोजे घालायला त्या उलट्या खुर्चीवर तसेच बसले, दोन्हीकडे पाय टाकून. आई जागी झाली, कोणीतरी तसं मान खाली घालून बसलेलं बघून हसली. दाजींनी मान वर केली तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं.

तसा तूच बसायचास. "मोडशील ती," म्हणून ती रोज ओरडायची.

मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मीच खुर्ची फिरवून ठेवली. मला कळलंय, एवढंच मला तिला सांगायचं होतं. तिला वाटलं, तू येतोयस. केस विंचरून घेतले, चादर बदलायला लावली, जेवण बाजूला सारलं आणि दिवसभर दाराकडे बघत राहिली. मी तुला फोन करत होते. तू उचलला नाहीस. त्यानंतर तिने खुर्चीला हात लावला नाही.

जन्मभर खुणा रंगवल्या मी, मला वाटायचं त्या ब्रशने होतात. एकाने वर्षानुवर्षं तसंच वेडंवाकडं बसायचं आणि एकीने स्वयंपाक करता करता ते बघायचं, तेव्हा कुठे एक खूण होते. तिसऱ्याने ती उगाच हाताळू नये, हे मला उशिरा कळलं.

तर तुझं उत्तर: तिला तू रोज आठवायचास.

आई परवा पहाटे गेली, झोपेतच. तेव्हाही तुला फोन लावला होता.

तू ये. घाई करू नकोस, आता घाई राहिलेली नाही.

तुला धाकट्या म्हणणारी आता एकटीच,
ताई