सातव्या नंबरची मिस परब

७ फेब्रुवारी १९८३, सोमवार
आजपासून रोजनिशी. नियमित. खरं तेच लिहायचं, कारण वाचणार मीच.
संपादक सामंतांनी नवं सदर दिलं. अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धा. अख्खा सीझन, दर शुक्रवारी. गोरेगावातून निघणाऱ्या साप्ताहिकात गोल्फ कशाला, हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे. एका शिवणयंत्रवाल्याने कॅलेंडरसाठी आमच्या प्रेसमध्ये फोटोचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून घेतला होता. टोपीवाली बाई, पाठमोरी, गोल्फची काठी उगारलेली. गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही. पडून राहिलेली वस्तू सामंतांना बघवत नाही. म्हणून सदर.
गोल्फ मी पाहिलेला नाही. पण सोळा वर्षं खेळाचं पान सांभाळतोय. आठवड्याभरात शिकतो.

११ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिला अंक निघाला. झकास दिसतोय. इंग्रजी पेपरात नुसते आकडे होते, त्यात जिचा आकडा सर्वांत मोठा तिला विजयी केलं. दुपारी बँकेच्या मॅनेजरने सांगितलं की गोल्फमध्ये कमी फटके मारणारी जिंकते. म्हणजे सगळ्यांत शेवटची बाई मी पहिली आणली.
दुरुस्ती छापणार होतो. पण एकाही वाचकाची तक्रार नाही. उगाच कशाला लोकांना गोंधळात टाका.

२ मार्च, बुधवार
इंग्रजी पेपरात गोल्फच्या चार ओळी येतात. मला बावीस लागतात. आज आठ कमी पडल्या आणि आमचा कंपोझिटर धोंडिराम अक्षरांचे खिळे घेऊन डोक्यावर उभा. मग लिहिलं: मूळच्या वेंगुर्ल्याच्या मिस परब यांनीही चमकदार खेळ करून सातवा नंबर पटकावला. सातवा मुद्दाम. सातव्याची चौकशी कोणी करत नाही. वेंगुर्ला का, तर आईचं माहेर तिथलं.
धोंडिराम म्हणाला, साहेब, ही बाई इंग्रजी पेपरात कुठं दिसली न्हाई मला. म्हटलं, तू खिळे जुळव.
हे एवढं एकदाच.

२५ मार्च, शुक्रवार
मिस परब चौथ्यांदा. पत्रं आली, सतरा! गेल्या दिवाळीअंकालासुद्धा तीनच आली होती. कांदिवलीच्या एका मास्तरांनी विचारलंय की मिस परब मासे खातात का. सामंत म्हणाले, जयवंत, तिला जरा वर आण रे. म्हटलं, खेळात असं वर आणता येत नाही, साहेब. स्वतःचा थोडा अभिमान वाटला.
पुढल्या आठवड्यात पाचवी करावी.

११ एप्रिल, सोमवार
आज ऑफिसात एक बाई आल्या. रत्नप्रभा परब, दिंडोशीच्या. वय साठीपलीकडे. पिशवीत आमचे सगळे अंक, इस्त्री केल्यासारखे. ब्लॉकमधल्या पाठमोऱ्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, ह्या आमचा सुगंधा.
सुगंधा म्हणजे त्यांच्या दिराची पोरकी मुलगी. काकींनीच वाढवली. एकसष्ट साली लग्नाला नाही म्हणाली, तेव्हा काकींनी रागाच्या भरात तिला म्हटलं, जा, परत तोंड दाखवू नको. ती खरंच गेली. एका कुटुंबाबरोबर आया म्हणून नैरोबीला. बावीस वर्षं पत्र नाही.
मी म्हटलं, काकी, ही तर तरुण आहे, सुगंधा आज त्रेचाळीसची असेल. त्या म्हणाल्या, थयचा हवापाणी बरा आसता, झिला.
तिथेच सांगून टाकणार होतो. पण त्यांनी मान खाली घालून एकच विचारलं: तिका इचार, माका माफ केलंस काय? आणि बंद पाकीट टेबलावर ठेवून गेल्या. बरोबर डबा. खोबऱ्याच्या वड्या, सुगंधासाठी.
उद्या जाऊन खरं सांगतो. पत्र परत, डबा परत.

१२ एप्रिल, मंगळवार
कामाचा डोंगर. जमलं नाही. वड्या मात्र खराब होण्याआधी खाव्या लागल्या. वनमालाने विचारलं, कोणी दिल्या? म्हटलं, वाचकांनी. बायकोशी खोटं बोललो नाही. काकी वाचक आहेतच.

२२ एप्रिल, शुक्रवार
काकी दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा मी मशीनखान्यात लपलो. धोंडिरामने त्यांना चहा पाजला आणि नंतर माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला कारण नसताना ओरडलो.

२३ एप्रिल, शनिवार
उपाय सापडला. सुगंधाच्या नावाने एकच पत्र. म्हातारीच्या जिवाला शांती, विषय संपला. हे खोटं नव्हे, औषध आहे. डाव्या हाताने लिहिलं: प्रिय काकी, मी सुखी आहे. तुझ्यावर राग नाही. तू माझं लहानपणी केलंस ते कोण करतं? तुला कधीच माफ केलं. दुपारी काकी ऑफिसात आल्या तेव्हा, टपालातून आलं असं सांगून, पाकिटाशिवाय दिलं.
काकींनी तिथेच उभ्याउभ्या वाचलं. परत वाचलं. मग खुर्चीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. मला रडू आलं, हे इथे लिहायला हरकत नाही. कुणी कुणाला माफ केलं? मी कोण?
पण चेहरा किती उजळला होता त्यांचा. ते खोटं कसं असेल?

२० मे, शुक्रवार
विषय संपलेला नाही. काकींची आणखी चार पत्रं. माझी तीन उत्तरं. डावा हात चांगला वळायला लागलाय.
निश्चय: मिस परबना स्पर्धेतून काढायचं. आज लिहिलं, मनगट दुखावल्यामुळे माघार.

२३ मे, सोमवार
काकी सकाळी साडेआठला दारात. वातावरच्या तेलाची बाटली, चोळायचं कसं ते वहीच्या पानावर लिहून. सोमवार धरलेत. मनगट बरं होईपर्यंत जेवणार नाहीत, फक्त फराळ. साहेब, बाईचं मनगट लवकर बरं करा, असं धोंडिराम म्हणाला. हसत नव्हता.

२७ मे, शुक्रवार
मनगट बरं. तिसरा नंबर.

१ जुलै, शुक्रवार
क्रिकेटचा वर्ल्ड कप आपण जिंकलो. सगळं पान त्यातच गेलं, गोल्फला जागा नाही. मला वाटलं, सुटलो. सगळी मुंबई कपिलच्या नावाने नाचतेय, कोण विचारतंय गोल्फ?
काकी विचारतायत. दुपारी आल्या. कप बरो झालो, पण आमच्या सुगंधाचा काय झाला?

१९ ऑगस्ट, शुक्रवार
घरात डब्यांची रांग. करंज्या, पोह्याचे पापड, आमसुलं. वनमाला म्हणते, तुमच्या वाचकाला डबे परत तरी करा. धुऊन परत करतो. आत सुगंधाच्या नावाने चिठ्ठी असते, फार छान झाल्या होत्या म्हणून. हे तरी खरं आहे.
वजन वाढलंय. उद्यापासून चालायला जायचं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार
मोठी चूक झाली. पण ती भाषेच्या ओघात झाली. काकींना गणपतीत पत्र लिहिताना शेवटी वाक्य सुचलं: सीझन संपला की दिवाळीला येते, तुझ्या हातचं खायला. वाक्य इतकं सहज उतरलं की खोडवेना. सोळा वर्षं लोकांच्या ओळी कापतोय, स्वतःची एक ओळ कापली नाही.
काळजी नको. सात आठवडे आहेत. काहीतरी सुचेल.

१७ ऑक्टोबर, सोमवार
काही सुचलेलं नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार
घरी होतो. बेल वाजली. काकी. दिवाळीच्या फराळाचं आमंत्रण, जोडीने. वनमालाला सांगत होत्या: खोलीला रंग काढला, शेजाऱ्यांकडून गादी आणली, ज्या मुलाला तेव्हा नाही म्हणाली होती तो कसा दारुडा निघाला तेही तिला सांगायचंय. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, झिला, सहारला विमान किती वाजता येता? मी सकाळपासून थय जाऊन उभी रवतंय. बावीस वर्सांनी येता, दारात कोण तरी व्हया.
त्या गेल्यावर वनमालाने शांतपणे विचारलं, ही येणारी सुगंधा म्हणजे तुमची मिस परब ना? तिने डब्यांकडे बघितलं. मग माझ्या डाव्या हाताच्या शाईकडे. म्हणाली, म्हातारी एअरपोर्टवर दिवसभर उभी राहील. लाज वाटत नाही तुम्हाला?
वाटते. फेब्रुवारीपासून वाटते, नाही, मार्चपासून. इथे कुठे नीट लिहिलं नाही एवढंच.

२९ ऑक्टोबर, शनिवार
गेलो. एकटा. सगळं खरं सांगितलं. मिस परब नाही. ब्लॉक कॅलेंडरचा. पत्रं माझी, डाव्या हाताची. वड्यासुद्धा मीच खाल्ल्या. पाया पडलो.
काकी चकल्या तळत होत्या. शेगडी बंद केली. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या इतकंच म्हणाल्या: तिनाच सांगल्यान ना तुका असा बोलाक? तिचो राग गेलो नाय अजून.
म्हटलं, काकी, देवाशपथ, ती कुठे आहे मला माहीत नाही. म्हणाल्या, शपथ घेव नको. तुझो दोष नाय. मीच तिका म्हटलं होतंय, तोंड दाखवू नको म्हणान. बरोबर केल्यान तिना.
आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी बराच वेळ बोलत होतो. ऐकायला कोणी नव्हतं.

२ नोव्हेंबर, बुधवार
वनमाला दिंडोशीला जाऊन आली. सांगत होती: फराळाचे डबे शेजारी वाटून टाकले. गादी परत केली. तीन दिवस नुसता चहा. दारात पणतीसुद्धा नाही. विचारलं तर म्हणतात, जिका मी नको झालंय तिच्यासाठी दिवे कित्याक?
एवढं सांगून ती आत जाऊन कागद आणि दौत घेऊन आली, माझ्या पुढ्यात ठेवली. मग डोळे पुसून स्वयंपाकाला लागली.
मी म्हटलं, मी खरं बोलायचं ठरवलंय. ती म्हणाली, ते झालं ना बोलून. आता लिहा.

५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी पत्र घेऊन गेलो. लिहिलं होतं: काकी, सुट्टी मिळाली नाही, म्हणून येता आलं नाही. पुढल्या सीझननंतर नक्की. मला राग असता तर मी पत्र लिहिलं असतं का? त्या पेपरवाल्याने काहीबाही सांगितलं असेल, त्याचं मनावर घेऊ नकोस.
काकींनी दोनदा वाचलं. उठल्या, तोंड धुतलं, देवापुढे दिवा लावला. मला पोहे दिले, स्वतःही माझ्याबरोबर खाल्ले. मग समोर बसून माझा डावा हात हातात घेतला. मला वाटलं, कळलं. पण त्या म्हणाल्या, झिला, तू असा कित्याक बोललंस? माझो जीव गेलो असतो. परत कधी खोटा बोला नको. घे, माझ्या गळ्याची शपथ घे.
घेतली.